गेट ॲक्सेस कंट्रोल: लोखंडापासून कार्डापर्यंत बसवणी आणि दुरुस्ती

गेट उघडेनासं झालं की बहुतेकांचा हात आधी कंट्रोल बोर्डाच्या झाकणाकडे जातो. खरं तर तो रिलीजच्या किल्लीकडे जायला हवा. मोटर मोकळी करून गेट एका हाताने ढकलून पाहायचं. ते जड जात असेल तर बोर्डाचा दोष नाही, आणि नवीन बोर्ड घातला तरी फार दिवस टिकणार नाही.

या कामात तीन वेगळ्या यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या असतात. एक म्हणजे गेटचं लोखंड: चाकं, रूळ, बिजागऱ्या. दुसरी ते हलवणारी: मोटर, बोर्ड, सुरक्षेचे सेन्सर. तिसरी परवानगी देणारी: कार्ड रीडर, कीपॅड, रिमोट, कंट्रोलर. दुसरी आणि तिसरी एकमेकींना फक्त दोन तारांनी भेटतात, बोर्डावरच्या ‘स्टार्ट’ आणि ‘कॉम’ या टर्मिनलांवर. हे नीट लक्षात राहिलं की बसवणीचा क्रम आपोआप ठरतो आणि दुरुस्ती निम्मी सोपी होते.

आधी लोखंड

स्लायडिंग गेट पूर्ण लांबीभर सारख्याच जोराने सरकलं पाहिजे. मध्येच कुठे अडत असेल तर तिथे रूळ वाकलाय, दबलाय किंवा चाकाचं बेअरिंग गेलंय. मग गेट अर्ध्यावर सोडून पाहा. ते आपोआप एका बाजूला घरंगळत असेल तर रूळ पाणसळीत नाही. अशा रुळावर मोटर एका दिशेला सतत ओढत राहते आणि दुसऱ्या दिशेला ब्रेक लावत राहते.

रुळाच्या दोन्ही टोकांना भक्कम स्टॉपर हवेच. लिमिट स्विच (गेट टोकाला आलं की मोटर थांबवणारा स्विच) आहे म्हणून स्टॉपर नको, असं कोणी म्हणालं तर त्याचं काम तिथेच थांबवा. लिमिट स्विच कधी ना कधी दगा देतो. मोटर मोकळी केलेली असताना तर तो कामातच नसतो. वरच्या गाइड रोलरमधून सुटलेलं गेट आडवं पडतं, आणि त्याखाली सापडून माणसं, विशेषतः मुलं, दगावली आहेत. स्टॉपर असा लावायचा की गेट जोरात आदळलं तरी तो उखडणार नाही आणि गेट गाइडबाहेर जाणार नाही.

स्विंग गेटचं दुखणं वेगळं असतं. खांब ओळंब्यात नसला तर पल्ला स्वतःहून उघडतो किंवा मिटतो. शिवाय वारा. पूर्ण पत्र्याचा दोन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच पल्ला घ्या. ताशी ५४ किलोमीटरच्या वाऱ्यात त्याच्यावर सुमारे ५५ किलो वजनाइतका जोर येतो. गाडीच्या वजनापुढे हा आकडा किरकोळ वाटतो, पण पल्ला ओढणाऱ्या बारीक आर्मच्या (दांड्याच्या) मोटरला तो रोज सोसायचा असतो. उघड्यावरच्या जागी जाळीचा किंवा पट्ट्यांचा पल्ला बरा. गेट नवीनच बनवायचं असेल तर हे फॅब्रिकेटरला आधी सांगा, मोटर आणल्यावर नाही.

मोटर किती ताकदीची

वजन अंदाजाने सांगू नका, काढा. एक मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पोलादी पत्रा जवळजवळ ७.८५ किलो भरतो. चार मीटर लांब, दोन मीटर उंच गेटाला दोन मिलिमीटरचा पत्रा असेल तर नुसता पत्राच १२५ किलो. फ्रेम, चाकं, नक्षी वेगळी. एकूण वजनाच्या दीडपट क्षमतेची मोटर घेतली की ती दमत नाही.

क्षमतेच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा, पण कमी पाहिला जाणारा आकडा म्हणजे ड्युटी सायकल, म्हणजे मोटर विश्रांतीशिवाय किती चालू शकते. घरचं गेट दिवसातून दहा-वीस वेळा उघडतं. कारखान्याचं किंवा मोठ्या वसाहतीचं गेट सकाळी तासाभरातच त्याहून जास्त वेळा उघडतं. घरगुती मोटर अशा ठिकाणी लावली की तिचा थर्मल कटऑफ, म्हणजे तापल्यावर मोटर बंद करणारा स्विच, पडतो. मोटर बंद, रांग लागलेली. अर्ध्या तासाने ती थंड होऊन चालू लागते आणि मेकॅनिक येतो तेव्हा सगळं ठीक असतं. धंद्याच्या जागी सतत वापराची मोटरच घ्या. घरासाठी २४ व्होल्ट डीसी मोटर मला जास्त पसंत आहे. बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून ती वीज गेल्यावरही चालते, आणि अडथळा आला की करंट वाढल्यावरून तिला ते लगेच कळतं.

काँक्रीट ओतण्याआधी पाइप

नंतर सगळ्यात जास्त पस्तावा होतो तो इथे. २३० व्होल्टची तार एका पाइपातून, सिग्नलच्या आणि १२-२४ व्होल्टच्या तारा दुसऱ्या पाइपातून. एकत्र घालू नका. रस्ता ओलांडून पलीकडच्या खांबाकडे एक पाइप आत्ताच टाका, कारण फोटोसेलची, म्हणजे किरणाने अडथळा ओळखणाऱ्या सेन्सरची, दुसरी बाजू तिथे असणार. प्रत्येक पाइपात एक ओढतार मोकळी ठेवा. पाइपांना थोडा उतार द्या आणि तारा ओढून झाल्यावर तोंडं बंद करा. बोर्डात पाणी पावसाच्या थेंबांपेक्षा पाइपातून जास्त येतं. मुंग्याही त्याच वाटेने येतात आणि नेमक्या रिलेच्या (विजेने चालणाऱ्या छोट्या स्विचच्या) कॉन्टॅक्टमध्ये घर करतात.

तारेची जाडी हिशोबाने ठरवा. समजा, अर्धा अँपिअर घेणारं १२ व्होल्टचं मॅग्नेटिक लॉक सप्लायपासून ४० मीटरवर आहे. अर्धा चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरली तर जाऊन-येऊन ८० मीटरचा रोध २.८ ओहम होतो. म्हणजे १.४ व्होल्ट तारेतच गेले आणि लॉकला १०.६ मिळाले. ते चिकटेल, पण त्याची पकड कमी होईल. दीड चौरस मिलिमीटरची तार घेतली तर अर्ध्या व्होल्टहूनही कमी पडझड होते.

रीडरसाठी शील्ड (तारांभोवती धातूचं आवरण) असलेली केबल घ्या आणि शील्ड फक्त कंट्रोलरच्या टोकाला अर्थ करा. दोन्ही टोकांना केली की तीच तार गोंगाट गोळा करू लागते. मुख्य सप्लायला स्वतंत्र एमसीबी, गळती झाली की वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, जवळच एक आयसोलेटर आणि मोटरच्या बॉडीला पक्कं अर्थिंग. वीज पडण्याचा त्रास असलेल्या भागात सर्ज प्रोटेक्टरही लावा. उघड्यावरच्या लांब तारांमधून आलेला झटका सगळ्यात आधी बोर्डाचा बळी घेतो. २३० व्होल्टचं हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

मोटर बसवताना

स्लायडिंग गेटमध्ये फाउंडेशन प्लेट रुळाला समांतर आणि पाणसळीत हवी. रॅक, म्हणजे गेटवरची दातेरी पट्टी, लावायची पद्धत अशी: मोटर रिलीज करून गेट पूर्ण उघडं न्या. रॅकचा पहिला तुकडा पिनियनवर (मोटरच्या दातेरी चाकावर) टेकवून फिक्स करा, गेट थोडं सरकवा, पुन्हा पिनियनवर टेकवून पुढचा बोल्ट. दोन तुकड्यांच्या सांध्यावर तिसरा तुकडा उलटा धरून त्याचे दात दोघांत बसवा आणि मगच आवळा. असं केलं की सांध्यावर दातांचं अंतर चुकत नाही. न केल्यास गेट प्रत्येक सांध्यावर ठेच खातं आणि काही महिन्यांत पिनियनचे दात झिजतात. शेवटी पूर्ण रॅक एक ते दोन मिलिमीटर उचला किंवा मोटर तितकी खाली घ्या. गेटचं वजन चाकांवरच राहिलं पाहिजे, पिनियनवर जराही नाही.

बोर्ड जोडलेला असताना गेटावर वेल्डिंग करू नका. वेल्डिंगचा करंट भलत्या वाटेने फिरतो आणि बोर्ड घेऊन जातो.

स्विंग गेटला आर्मची मागची ब्रॅकेट बिजागरीपासून किती अंतरावर असावी, याचा तक्ता प्रत्येक मोटरबरोबर येतो. तो पाळा. नजरेने बसवलेली ब्रॅकेट एक तर पल्ला पूर्ण उघडू देत नाही किंवा शेवटच्या टप्प्यात त्याला धक्का देते. आर्मची पूर्ण लांबी वापरू नका, दोन्ही टोकांना साधारण सेंटिमीटरभर शिल्लक ठेवा. पल्ला जमिनीवरच्या स्टॉपरला टेकून थांबावा, मोटरच्या आतल्या टोकाला नाही. दोन पल्ले असतील तर ज्याच्यावर झाकपट्टी आहे तो आधी उघडेल आणि शेवटी मिटेल, असा बोर्डातला विलंब सेट करा.

पहिल्यांदा चालवताना गेट हाताने मध्यावर आणून ठेवा. वीज दिल्यावर पहिला आदेश उघडण्याचा मिळतो. गेट मिटायला लागलं तर दिशा उलटी आहे. मोटरच्या दोन दिशांच्या तारा अदलाबदल करा आणि सोबत लिमिट स्विचच्या तारांचीही. नुसत्या मोटरच्या तारा बदलून लिमिटच्या तशाच ठेवल्या तर गेट टोकाला पोचूनही थांबत नाही. त्या क्षणी स्टॉपर कशासाठी हे पटतं.

माणूस मध्ये आला तर

फोटोसेल जमिनीपासून साधारण अर्ध्या मीटरवर लावतात. ट्रक येणाऱ्या जागी एक जोडी पुरत नाही. दोन चाकांच्या मधल्या मोकळ्या जागेतून किरण आरपार जातो, बोर्डाला रस्ता मोकळा दिसतो आणि गेट ट्रकच्या पोटावर येतं. तिथे वरच्या उंचीवर दुसरी जोडी लावा. फोटोसेलचा कॉन्टॅक्ट एनसी असतो, म्हणजे सगळं ठीक असताना जोडलेला. तार तुटली किंवा सेन्सर बंद पडला तरी गेट मिटत नाही आणि तेच बरोबर आहे. चाचणीपुरता त्या टर्मिनलवर जंपर, म्हणजे दोन टोकं थेट जोडणारा तारेचा तुकडा, टाकावा लागतो. तो जंपर काम संपल्यावरही तिथेच राहिलेला मी इतक्या गेटांत पाहिला आहे की आता झाकण उघडल्यावर माझी नजर आधी तिथेच जाते.

गेटच्या कडेला लावायच्या रबरी सेफ्टी एजमध्ये टोकाला ८.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो. दाबली की रोध शून्य, तार तुटली की अनंत. बोर्डाला दोन्ही गोष्टी वेगळ्या ओळखता येतात, म्हणून ती साध्या स्विचपेक्षा विश्वासाची.

युरोपच्या ईएन १२४५३ मानकानुसार, मिटणाऱ्या कडेचं समोरच्या वस्तूपासूनचं अंतर ५० ते ५०० मिलिमीटर उरलेलं असताना धडकेचा जोर ४०० न्यूटनच्या वर जाता कामा नये, आणि पाऊण सेकंदात तो १५० न्यूटनच्या आत यायला हवा. हे मोजायला खास उपकरण लागतं. ते नसेल तर निदान लाकडाचा ठोकळा मध्ये ठेवून गेट उलटं फिरतं का हे पाहा. ही चाचणी हाताने किंवा पायाने करू नका.

पट्ट्यांचं गेट भिंतीमागे सरकताना पट्ट्यांतून बाहेर आलेला हात कात्रीत सापडल्यासारखा सापडतो. त्या भागावर बारीक जाळी लावा. आणि पायी जाणाऱ्यांसाठी वेगळं छोटं दार ठेवा. गाड्यांच्या गेटमधून माणसांची वर्दळ हा अर्धा धोका आहे.

गाडी बाहेर जाताना गेट आपोआप उघडायला जमिनीत लूप घालतात. रस्त्यात खाच पाडून तारेचे तीन-चार वेढे. खाचेचे कोपरे तिरके कापा, नाहीतर काटकोनात तारेचं आवरण फाटतं. लूपपासून डिटेक्टरपर्यंतची जोडी मीटरला किमान वीस पिळांनी वळलेली हवी. लूपची तार सलग असावी, खाचेत सांधा नको. गेटचं स्वतःचं लोखंड लूपच्या फार जवळ आलं तर डिटेक्टर गेटलाच गाडी समजतो.

परवानगी देणारी बाजू

इथला पहिला नियम: रीडर बाहेर, रिले आत. स्वस्त कीपॅडमध्ये रिले त्याच डब्यात असतो. तो बाहेरच्या खांबावर लावला तर दोन स्क्रू काढून दोन तारा टेकवणाऱ्याला पिन लागतच नाही. कंट्रोलर आतल्या बंद पेटीत ठेवा आणि बाहेर फक्त नंबर वाचणारा रीडर ठेवा. बाहेर जायचं बटणही गजांमधून हात घालून दाबता येणार नाही इतक्या लांब लावा. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

कार्डांबाबत माझं मत स्पष्ट आहे. १२५ किलोहर्ट्झची साधी कार्डं फक्त स्वतःचा नंबर सांगतात, आणि हातात मावणाऱ्या यंत्राने त्यांची नक्कल क्षणात होते. मायफेअर क्लासिक कार्डांचं कूटीकरण २००८ मध्येच मोडलं गेलं आहे. घराच्या आतल्या दाराला ती चालतील. गोदामाला किंवा कचेरीला एईएस हे भक्कम कूटीकरण वापरणारी डेसफायरसारखी कार्डं घ्या. रिमोट घेताना रोलिंग कोडचाच, म्हणजे दर वेळी कोड बदलणाराच, घ्या. ठरावीक कोडचा रिमोट बाजारातल्या कॉपी रिमोटमध्ये सहज उतरवता येतो.

रीडर आणि कंट्रोलर यांच्यात नंबर पाठवायला बहुधा २६ बिटची वीगँड पद्धत असते: ८ बिट जागेचा कोड, १६ बिट कार्डाचा नंबर, चूक पकडायला दोन पॅरिटी बिट. म्हणजे प्रत्येक जागेच्या कोडाला ६५,५३६ नंबर. त्यामुळे दोन वेगळ्या लॉटमध्ये तेच कार्ड पुन्हा येऊ शकतं, म्हणून जागेचा कोड विचारून घ्या. वीगँडची तार साधारण १५० मीटरपर्यंत चालते आणि तिच्यावर कूटीकरण नसतं. अंतर जास्त किंवा धोका मोठा असेल तर त्याऐवजी आरएस-४८५ तारेवरची ओएसडीपी पद्धत घ्या. ती १२०० मीटरपर्यंत जाते आणि तिच्यात एईएसचा पर्याय आहे.

गाड्यांसाठी लांबून वाचले जाणारे यूएचएफ टॅग सोयीचे. पण धातूचा थर असलेल्या काचेमागे ते वाचले जात नाहीत, आणि रीडरची ताकद पूर्ण ठेवली तर शेजारी उभी असलेली गाडीसुद्धा गेट उघडते. ताकद कमी करत करत योग्य जागी आणा.

जोडणी: कंट्रोलरच्या रिलेचे एनओ (एरवी उघडा असलेला कॉन्टॅक्ट) आणि कॉम, बोर्डाच्या स्टार्ट आणि कॉमला. हा ड्राय कॉन्टॅक्ट आहे, म्हणजे नुसता स्विच, इथे १२ व्होल्ट देऊ नका. छोट्या दाराच्या मॅग्नेटिक लॉकला मात्र वीज असेपर्यंत बंद राहायचं असतं, म्हणून ते एनसीवर. वीज गेली की ते सुटतं. सुटकेच्या मार्गावरच्या दाराला हेच हवं, आणि आगीच्या अलार्मने त्याचा सप्लाय थेट तुटला पाहिजे. लॉकच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड लावा, पट्टी प्लसकडे. तो नसेल तर कॉइलचा उलटा झटका रिलेचे कॉन्टॅक्ट हळूहळू जाळतो.

कंट्रोलर आणि कीपॅड यांचे कारखान्यातून आलेले कोड पहिल्याच दिवशी बदला. कोणतं कार्ड कोणाला, याची यादी ठेवा. यादी नसेल तर हरवलेलं एक कार्ड काढायला सगळी कार्डं पुसावी लागतात. नेटवर्कवरचा कंट्रोलर थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका.

बिघाड शोधताना

रिलीज करून ढकलून पाहिलं, लोखंड ठीक आहे. आता बोर्डावर स्टार्ट आणि कॉम तारेच्या तुकड्याने क्षणभर टेकवा. झाकण उघडं असताना २३० व्होल्टच्या टर्मिनलांपासून हात दूर. गेट हललं तर मोटरची बाजू निर्दोष, शोध रीडरकडे. नाही हललं तर कार्डांना दोष देणं थांबवा.

रीडर बीप करतो पण गेट ढिम्म. बीपचा अर्थ एवढाच की कार्ड वाचलं गेलं. कंट्रोलरची नोंद उघडा. नोंदच नसेल तर डी-शून्य आणि डी-एक या वीगँडच्या डेटा तारा सुटल्यात किंवा रीडर व कंट्रोलरचा ग्राउंड एक नाही. नंबर भलताच येत असेल तर त्याच दोन तारा उलट्या लागल्यात. नोंद ‘नाकारलं’ म्हणत असेल तर वेळापत्रक, मुदत आणि कंट्रोलरचं घड्याळ तपासा. ‘परवानगी दिली’ म्हणत असेल तर रिले किंवा पुढची तार.

गेट उघडतं, मिटत नाही. दहातल्या नऊ वेळा फोटोसेल: धुळीची काच, कोळ्याचं जाळं, हललेला खांब, किंवा ठरावीक वेळी लेन्सवर थेट येणारं ऊन.

अर्ध्यावर जाऊन परत फिरतं. इथे फोर्सचा स्क्रू वाढवायचा मोह होतो, आणि अनेक जण वाढवतात. गेट चालू लागतं, गिऱ्हाईक खूश. पण बेअरिंग तसंच असतं, आणि आता तेच गेट मध्ये आलेल्या माणसापुढेही थांबणार नाही. आधी अडणारी जागा शोधा.

मोटर घुं घुं करते, फिरत नाही. एसी मोटर असेल तर आधी कपॅसिटर. वीज बंद करून तो रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा, मग मोजा. अंगावर छापलेल्या मायक्रोफॅरडपेक्षा बराच कमी भरला तर तेवढ्याच मूल्याचा आणि व्होल्टेजचा नवीन घाला. तो ठीक असेल तर वाइंडिंग मोजा: कॉमनपासून दोन्ही तारांना सारखा रोध आणि त्या दोघींमध्ये साधारण दुप्पट यायला हवा. न आल्यास मोटर रिवाइंडिंगला.

मोटर फिरते, गेट उभंच. रिलीज उघडा राहिलाय का ते पाहा, नाहीतर गिअर झिजलाय.

रिमोट जवळूनच चालतो. सेल बदलूनही फरक नसेल तर रिसीव्हरची अँटेना पाहा. ४३३ मेगाहर्ट्झला सुमारे १७ सेंटिमीटरची सरळ तार लागते, गुंडाळून कोंबलेली चालत नाही. नवीन एलईडी दिवा लागल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर दिवा बंद करून पाहा.

गेट आपोआप उघडतं. हा सगळ्यात चिवट बिघाड. बटणात पाणी, दबलेला रिमोट, चिकटलेला रिले, लांब विनाशील्ड तार, काहीही असू शकतं. स्टार्टवर आलेल्या तारा एकेक काढून एकेक दिवस वाट पाहणं, याला जवळची वाट नाही.

वीज गेली की सगळं बंद. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चार्जर चालू असताना १३.६ व्होल्ट दिसणं काही सिद्ध करत नाही. चार्जर काढा, मोटर चालवा आणि मग मोजा. चालताना आकडा ११ च्या खाली कोसळला तर बॅटरी संपली. फ्यूज वारंवार जात असेल तर तितक्याच अँपिअरचा घालून कारण शोधा. तारेचा तुकडा घातला तर पुढच्या वेळी बोर्डच फ्यूज होतो.

काम सोपवताना

प्रत्येक तारेला नाव लावा आणि उघड्या बोर्डाचा फोटो मालकाला द्या. दर सहा महिन्यांनी चाकं, स्टॉपर, फोटोसेल आणि बॅटरी तपासायची. बिजागरीला ग्रीस चालतं, पण रॅकला लावू नका, धूळ चिकटून त्याची दात झिजवणारी पेस्ट होते. आणि रिलीजची किल्ली घरातल्या प्रत्येकाकडून एकदा चालवून घ्या. गेट हाच आत यायचा एकमेव रस्ता असेल तर बाहेरून चालणारं रिलीज कुलूप मोटरबरोबरच बसवा. वीज गेली, बॅटरी संपली आणि किल्ली आतल्या कपाटात, ही वेळ येतेच.